जुना ट्रॅक्टर विकला, पण नंबर कोणाच्या नावावर?

जुना ट्रॅक्टर किंवा जीप आपण बहुधा ओळखीत, साध्या कागदावर सही घेऊन विकतो. पैसे मिळाले, चावी दिली की व्यवहार संपला असे मानतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो अपुराच असतो.

क्रमांक वाहनाचा असतो

१९८९ पूर्वी नोंदलेल्या अनेक वाहनांवर 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरे दिसतात. त्यानंतर एमएच-१२ (पुणे), एमएच-०९ (कोल्हापूर) अशी पद्धत आली. क्रमांक जुना असो वा नवा, परिवहन कार्यालय तो ठरावीक वाहनाला देते. त्याची पाटी काढून दुसऱ्या वाहनाला लावणे गुन्हा आहे. पाटीचे मोल पत्र्याइतकेच. खरे महत्त्व आरसी बुकातील नावाला आहे.

नाव न बदलल्यास

नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी अनेकांच्या हातातून गेली होती. तरीही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीवरील पहिल्या मालकावरच आली. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) विक्री राज्यातल्या राज्यात असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावेत.

२) कर्ज फिटले असल्यास बँकेकडून नमुना ३५ घेऊन आरसी बुकातील बोजा कमी करून घ्यावा.

३) घेणाऱ्याने चासी व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते; तीही तपासावी.

४) मालक मयत झाल्यास वारसाने ३० दिवसांत कळवावे व तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणून ट्रॅक्टर आपोआप नावावर होत नाही.

५) वाहन भंगारात काढल्यास १४ दिवसांत कळवून आरसी बुक जमा करावे व नोंदणी रद्द करून घ्यावी. पाटी भंगारवाल्याकडे अखंड जाऊ देऊ नये. ती दुसऱ्या गाडीवर चढली, तर चौकशी आपल्या दारी येते.

थोडक्यात, बैल विकताना दावे सोडून देतो, तसे वाहन विकताना नाव सोडवून घ्यावे. नव्या मालकाच्या नावाची नोंद पाहिल्यावरच व्यवहार पुरा झाला असे समजावे.