मोटारीच्या कांट्यांची परीक्षा



वरवर किरकोळ वाटणारा, परंतु प्रसंगीं जिवाशीं गांठ घालणारा एक विषय आज आपणांपुढें मांडीत आहें. तो म्हणजे जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावरील कांटे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसेडर यांची निर्मिती केव्हांच थांबली; अँबॅसेडर २०१४ सालीं बंद झाली. तरीही हौशी कुटुंबांनीं या गाड्या मायेनें जपून ठेविल्या आहेत. आमच्या जालना जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दुपारीं अंबडच्या रस्त्यावर इंजिन तापूं लागलें, तर तें प्रथम कांट्यानेंच सांगावयाचें. तो कांटाच खोटें बोलूं लागला, तर काय करावें?

पहिला नियम हा कीं, दोष कांट्याचा ठरविण्यापूर्वीं इंजिनाची खात्री करून घ्यावी. उष्णतेचा कांटा फार वर चढला, तर गाडी सावलींत उभी करून इंजिन बंद करावें व तें पूर्ण निवाल्यावरच रेडिएटरचें झांकण उघडून पाणी पाहावें. तापलेलें झांकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें. ऑइलच्या दाबाचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला, तर इंजिन तत्काळ थांबवावें. ऑइलची पातळी पुरेशी असली, म्हणजे दाबही पुरेसा आहे असें होत नाहीं. हा दिवा किल्ली फिरवितांच लागला पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही जो लागत नाहीं, तो दिवा अधिक घातक समजावा. कारण संकट आलें तरी तो मुकाच राहील.

आतां दोष शोधण्याची रीत पाहूं. प्रथम विचारावें : बिघाड एकाच कांट्याचा आहे, कीं अनेकांचा? विजेवर चालणारे सर्वच कांटे निपचित पडले असतील, तर फ्यूज व डॅशबोर्डामागील अर्थची जोडणी तपासावी. पेट्रोल व उष्णता हे दोनच कांटे एकदम बिघडले, तर त्या दोघांत सामाईक असलेल्या भागावर संशय घ्यावा. कित्येक गाड्यांत या कांट्यांमागें दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असून तिच्याभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. विजेनें वेटोळें तापतें, पट्टी वांकते व कांटा सरकतो. परंतु बॅटरीचा दाब एरवीं सुमारें १२ व्होल्ट, तर इंजिन चालत असतां सुमारें १४ व्होल्ट असतो. या चढउतारानें कांटे फसूं नयेत म्हणून मध्यें स्टॅबिलायझर बसविलेला असतो. तो सरासरी सुमारें १० व्होल्टच पुढें सोडतो. त्याची अर्थ सुटली, तर पूर्ण दाब पुढें जाऊन दोन्ही कांटे चढे दाखवितात. आणि तोच आंतून तुटला, तर दोन्ही तळाशीं पडून राहतात.

एकटा उष्णतेचा कांटा बिघडला असेल, तर त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिनावर तापमान टिपणारा सेंडर असतो. पाणी तापूं लागलें कीं त्याचा रोध घटतो. त्याची तार काढून किल्ली फिरवावी व तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावी. वर सांगितलेल्या पद्धतीच्या गाडींत कांटा चढूं लागतो. चढूं लागतांच तार दूर करावी. तसें झाल्यास कांटा व तार निर्दोष असून दोष बहुधा सेंडरमध्यें आहे. न झाल्यास तार किंवा कांटा तपासावा. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, तार तुटलेली असतां इंजिन उकळत असलें तरी कांटा थंडच दाखवितो. पाणी सर्व गळून गेल्यावरही तसें होऊं शकतें. खालीं असलेला कांटा म्हणजे अभय नव्हे.

पेट्रोलच्या कांट्यावर मात्र हा प्रयोग घरीं करूं नये. टांकीजवळ उडालेली एक ठिणगी अनर्थास पुरते. तें काम जाणत्या मिस्त्रीवर सोपवावें. त्यास इतकेंच सांगावें कीं, टांकींतील पोकळ फ्लोट व टांकीची अर्थ आधीं पाहा. फ्लोटला भोंक पडून तो बुडाला, तर भरलेली टांकीही रिकामी दिसते. अर्थच्या जोडणीवर गंज चढला, तर कांटा खऱ्याहून कमी दाखवितो.

वेगाच्या कांट्याची जात निराळी. ऑटो शुल्झे यांनीं १९०२ सालीं ज्या तत्त्वाचें पेटंट घेतलें, त्यावरच तो चालतो. गिअरबॉक्सकडून आलेली केबल लोहचुंबक फिरविते. त्याच्या ओढीनें ॲल्युमिनियमची वाटी वळूं पाहते व बारीक स्प्रिंग तिला आवरते. किलोमीटरचे आंकडे त्याच केबलवर फिरतात. म्हणून आंकडे फिरत असून कांटा हलत नसेल, तर दोष मीटरमध्यें. दोन्ही थांबले, तर केबल बहुधा तुटलेली. कांटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा अधिक वांकली आहे. ग्रीज बेतानें लावावें व मीटरकडील टोंक कोरडें ठेवावें, नाहींतर तें मीटरमध्यें शिरतें.

दुरुस्तीनंतर परीक्षा अवश्य घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर कांटा ताशीं ६० वर स्थिर ठेविला, तर एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागलें पाहिजे. घड्याळ मात्र शेजारीं बसलेल्यानें पाहावें. चालकाची दृष्टि रस्त्यावरच असावी.