रॅम भरपूर, तरी नेटवर्क बूट अडते तेव्हा

नेटवर्क बूटमध्ये संगणक डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता घेतो, टीएफटीपीने बूटलोडर उतरवतो. बूटलोडर मग कर्नल आणि इनिटआरडी ही प्रारंभिक फाइल रॅममध्ये ठेवतो.

अडचण या ठेवण्याच्या जागेत येऊ शकते. 32 बिटांच्या पत्त्याने 4 जीबीपर्यंतचीच मेमरी गाठता येते आणि त्या हद्दीतला काही भाग उपकरणांसाठी राखीव असतो. बायोसने दिलेला मेमरीचा नकाशा चुकीचा असेल किंवा जुन्या बूटलोडरला तो नीट वाचता आला नाही, तर इनिटआरडी भलत्याच जागी पडते. फाइली पूर्ण उतरतात, पण पुढे स्क्रीन गोठते किंवा रूट फाइल सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश देऊन कर्नल थांबतो.

फाइल उतरतानाच गाडी अडली, तर आधी केबल, स्विच आणि सर्व्हर तपासा. त्यानंतर अडली, तर एकच रॅम स्टिक ठेवून पाहा. स्टिक काढणे शक्य नसेल, तर कर्नलच्या ओळीत ‘मेम’ पर्याय देऊन मर्यादा 2 जीबी करा. पीएक्सईलिनक्स हा बूटलोडरही तो पर्याय वाचतो. एवढ्याने संगणक सुरू झाला, तर संशय मेमरीच्या मांडणीवरच घ्यावा. मग बायोस आणि बूटलोडर अद्ययावत करा आणि शेवटी ‘मेम’ पर्याय आठवणीने काढा. नाहीतर उरलेली रॅम वापराविना पडून राहील.