हकलबेरी फिन आणि त्याचे वाचक

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील काँकॉर्ड हें गांव अमेरिकन वाङ्मयाचें जणूं एक क्षेत्रच आहे. एमर्सन तेथें राहिला, थोरो तेथेंच वाढला, आणि गुलामगिरीला पाठीशीं घालणाऱ्या सरकारला कर देणार नाहीं म्हणून १८४६ सालीं थोरोनें एक रात्र काढली तीहि तेथल्याच तुरुंगांत. अशा या गांवाच्या सार्वजनिक वाचनालयानें १८८५ च्या मार्च महिन्यांत एक नवें पुस्तक कपाटांतून काढून टाकलें. पुस्तक ओबडधोबड आहे, भाषा अशुद्ध आहे, विनोद हलका आहे, सभ्य वाचकाच्या हातीं देण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, असा चालकांचा अभिप्राय पडला. तें पुस्तक म्हणजे मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी. ट्वेननें ही बातमी ऐकून आपल्या प्रकाशकाला मोठ्या आनंदानें कळविलें कीं, या बहिष्कारामुळें आणखी २५,००० प्रती खास खपतील.

त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी या पुस्तकाविषयींचा वाद मिटलेला नाहीं. नवल असें कीं, वाद तोच राहून वादी मात्र बदलत गेले. पहिल्या पिढीच्या वाचकांना हकची चालचर्या खटकली. पुढच्यांना जिमची अवस्था खटकली.

कथा थोडक्यांत अशी. मिसिसिपी नदीच्या कांठच्या एका लहान गांवांत हक हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आहे. आई नाहीं, बाप आहे, पण तो दारूडा आणि मारकुटा. त्याच्या जाचाला कंटाळून हक पळतो, आणि नदींतल्या एका बेटावर त्याला जिम भेटतो. जिम हा मिस वॉट्सन नांवाच्या बाईचा गुलाम. ८०० डॉलरांच्या लोभानें बाई आपल्याला खालीं न्यू ऑर्लिन्सकडे विकणार, हें कानीं पडतांच तो निसटलेला असतो. मग हे दोघे एका तराफ्यावर बसून रात्रीं प्रवास करतात आणि दिवसा लपून राहतात. काळ १८४० च्या आसपासचा. ही सारी हकीकत हक स्वतःच्या तोंडानें, आपल्या अडाणी बोलींत सांगतो.

वादाचें मूळ या शेवटच्या गोष्टींत आहे. हक ज्या समाजांत वाढला तेथें पळालेल्या गुलामाला मदत करणें म्हणजे चोरी, आणि या चोरीला देवाघरींहि क्षमा नाहीं. हकला हें अगदीं मनापासून पटलेलें आहे. जिमला दोघे भामटे ४० डॉलरांना विकून टाकतात, तेव्हां हक मिस वॉट्सनला जिमचा ठावठिकाणा कळविणारें पत्र लिहितो, आणि लिहून झाल्यावर त्याला पाप धुतल्यासारखें वाटूं लागतें. पण मग त्याला तराफ्यावरचा जिम आठवतो. हकची झोंप मोडूं नये म्हणून त्याच्या पाळीचा पहारा आपणच करणारा जिम. नरकांत जावें लागलें तरी चालेल, असा निश्चय करून तो पत्र फाडून टाकतो. आपण कांहीं थोर कृत्य केलें असें त्याला क्षणभरहि वाटत नाहीं. केलें तें पापच, अशीच त्याची समजूत कायम राहते. खरें काय तें वाचकानें ओळखावयाचें. लेखक मध्यें येऊन एक शब्दहि बोलत नाहीं.

काँकॉर्डच्या मंडळींना यांतलें कांहीं दिसलें नाहीं. १९०५ सालीं ब्रुकलिनच्या वाचनालयांत मुलांच्या दालनांतून हें पुस्तक हलविलें गेलें, त्याचें एक कारण असें कीं, हकच्या अंगाला खाज सुटते आणि तो खुशाल खाजवितो! या आक्षेपांवर अधिक शाई खर्च करण्याचें कारण नाहीं.

पुढें वारें फिरलें. १९३५ सालीं अर्नेस्ट हेमिंग्वेनें सगळें आधुनिक अमेरिकन वाङ्मय या एका पुस्तकांतून निघालें असें सांगून टाकलें. हें मत तेव्हांपासून असंख्य वेळां उद्धृत झालें आहे. उद्धृत करणारे त्याच्या शेजारचें मत मात्र बहुधा विसरतात. जिमला पळवून नेतात तेथें वाचकानें थांबावें, पुढचा भाग म्हणजे निव्वळ फसवणूक, असेंहि हेमिंग्वेनें तेथेंच बजावलें होतें.

त्या पुढच्या भागांत जिम एका शेतावरच्या खोपटांत कोंडलेला असतो, आणि तेथें हकचा मित्र टॉम सॉयर येऊन पोंचतो. जिमची सुटका एका रात्रींत होण्यासारखी असते. पण टॉमला ती कादंबऱ्यांतल्या राजबंद्यांच्या थाटानें व्हावयास हवी. म्हणून जिमनें कोठडींत उंदीर, साप आणि कोळी बाळगावयाचे, शर्टावर रक्तानें रोजनिशी लिहावयाची, दगडावर लेख कोरावयाचे. आठवड्यामागून आठवडे हा पोरखेळ चालतो, आणि अखेर कळतें कीं, मिस वॉट्सन दोन महिन्यांपूर्वींच वारली असून मृत्युपत्रानें तिनें जिमला मुक्त केलें होतें. टॉमला हें पहिल्यापासून ठाऊक होतें.

लायोनेल ट्रिलिंगनें १९४८ सालीं आणि टी. एस. एलियटनें १९५० सालीं आपापल्या प्रस्तावनांत या शेवटाची बाजू घेतली. पुस्तकाचा आरंभ टॉमच्या खेळानें होतो, तेव्हां शेवटहि तसाच होणें रचनेला शोभून दिसतें, असा त्यांचा रोख. १९५३ सालीं लिओ मार्क्स या टीकाकारानें दोघांनाहि उत्तर दिलें. रचना जुळली म्हणून अर्थ जुळत नाहीं. जिमची मुक्तता हा सगळ्या प्रवासाचा हेतु, आणि तीच जर मालकिणीच्या मृत्युपत्रांतून फुकट मिळाली तर प्रवासाला मोल काय उरलें, असा त्याचा प्रश्न होता. येथें मार्क्सचें पारडें जड आहे. रचनेचें सौष्ठव दाखवितांना पहिल्या दोघांना जिमच्या पायांतील साखळीचा विसर पडलेला दिसतो. ट्वेन हें पुस्तक १८७६ ते १८८३ या काळांत, अधूनमधून बाजूला ठेवून, लिहीत होता. गुलामगिरी १८६५ सालींच कायद्यानें संपली होती, पण १८७७ नंतर दक्षिणेकडील गोऱ्यांनीं मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हां हिरावून घेतले. कायद्यानें मोकळा असलेला माणूस कोंडलेलाच ठेवावयाचा, हें चित्र त्या काळाला उद्देशून आहे असें मानणारेहि कांहीं आहेत. तर्क आकर्षक खरा. परंतु तीं प्रकरणें हसत हसत वाचणाऱ्याच्या मनांत तो आपण होऊन उगवत नाहीं.

याहून गंभीर आक्षेप शाळांतून आला. कृष्णवर्णीयांना हिणविणारा जो शब्द आज अमेरिकेंत सभ्य माणूस उच्चारीत नाहीं, तो या पुस्तकांत दोनशेंहून अधिक वेळां येतो. १९५७ सालीं न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण-मंडळानें तें मान्य पाठ्यपुस्तकांच्या यादींतून गाळलें. १९८२ सालीं व्हर्जिनियांतील फेअरफॅक्स परगण्यांत एका कृष्णवर्णीय शिक्षणाधिकाऱ्यानें तें अभ्यासक्रमांतून काढण्याची मागणी केली. ती शाळा मार्क ट्वेनच्याच नांवाची होती.

पुस्तकाचे कैवारी यावर एक प्रसंग दाखवितात. आगबोटीवर स्फोट झाला अशी थाप हक एका प्रेमळ बाईला मारतो. कोणाला इजा झाली काय, असें ती विचारते. नाहीं, एक काळा गुलाम तेवढा मेला, असें हक सांगतो. आणि बाईचा जीव भांड्यांत पडतो, कारण अशा अपघातांत कधींकधीं माणसें दगावतात! एका भल्या बाईच्या तोंडून सगळ्या समाजाचें माप निघावें असा हा प्रसंग आहे. तो शब्द गाळला तर डंखच गेला, हें कैवाऱ्यांचें म्हणणें खरें आहे.

परंतु तें वर्गाबाहेर खरें आहे. तीस मुलांच्या वर्गांत एकच कृष्णवर्णीय मुलगा असावा, शिक्षकानें तें पान मोठ्यानें वाचावें आणि एकोणतीस मुलांनीं वळून त्याच्याकडे पाहावें. त्या मुलाला लेखकाच्या हेतूचा काय उपयोग? उपरोध समजावयास वेळ लागतो. शब्द मात्र तत्क्षणींच लागतो.

खुद्द लेखकाचें मन कोणीकडे होतें, याविषयींचा एक दाखला मुंबईंत सांपडतो. ट्वेनची स्वतःची प्रकाशन-संस्था होती आणि ‘हकलबेरी फिन’ तिनेंच काढलें होतें. ती १८९४ सालीं बुडाली, तेव्हां कर्ज फेडण्यासाठीं त्यानें जगभर व्याख्यानांचा दौरा काढला. या दौऱ्यासाठीं केलेल्या टिपणांत, निरोगी हृदय आणि विकृत सदसद्विवेक यांची जेथें टक्कर होते व विवेकाचा पराभव होतो असें आपलें पुस्तक, अशा अर्थाचें वर्णन त्यानें केलें आहे. १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईस वॉट्सन हॉटेलांत उतरला. तेथें खोलीची व्यवस्था लावणाऱ्या एका जर्मन गृहस्थानें गुडघे टेंकून काम करणाऱ्या देशी नोकराच्या थोबाडींत मारली, आणि चूक काय झाली तें नंतर सांगितलें. नोकरानें तें मुकाट्यानें सोसलें. पन्नास वर्षांत असें दृश्य पाहिलें नव्हतें, असें ट्वेननें आपल्या १८९७ च्या प्रवासवर्णनांत लिहिलें आहे. त्या एका थपडेनें तो एकदम मिझूरींतल्या बालपणांत जाऊन पोंचला. आपला बाप सज्जन, न्यायी. आपल्या अंगाला त्यानें दोनदांच हात लावला, पण लुइस नांवाच्या निरुपद्रवी गुलाम मुलाला क्षुल्लक चुकीसाठीं तो वारंवार मारी, हें त्याला आठवलें. एका माणसानें आपल्या गुलामाला कच्च्या लोखंडाचा गोळा फेंकून मारला आणि तासाभरांत तो गुलाम मेला, हेंहि आठवलें. त्या वेळीं आपण दहा वर्षांचे होतों. गैर झालें एवढें कळलें, पण मालकाला तसा अधिकार आहे हेंहि ठाऊक होतें, अशी कबुली तो देतो. हकच्या डोक्यांतला गोंधळ कोठून आला, याचा हा सरळ जबाब आहे.

तथापि लेखकाचें मन स्वच्छ होतें म्हणून वाचकाची जखम भरत नाहीं. २०११ सालीं अलाबामांतील एका प्रकाशकानें तो शब्द सर्वत्र बदलून ‘गुलाम’ असा घातलेली आवृत्ति काढली. हा उपाय दोन्ही पक्षांना रुचला नाहीं, आणि योग्यच झालें. कारण जिम पळाला त्या क्षणापासून आपल्या दृष्टीनें गुलाम नव्हताच. टोनी मॉरिसन या कृष्णवर्णीय कादंबरीकर्त्रीनें १९९६ सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत, पुस्तकानें लहानपणीं आपल्याला बेचैन केलें हें मोकळेपणीं सांगितलें. तरीहि तें शाळांतून काढणें म्हणजे मुलांना शिकविण्याऐवजीं वडीलधाऱ्यांची समजूत काढणें, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीं जेन स्मायली या लेखिकेनें उलट बाजू मांडली. इलिनॉय हें मुक्त संस्थान नदीच्या पलीकडच्या तीरालाच असतां जिमला घेऊन तराफा दक्षिणेकडे वाहत जातो, यावरून जिमची मुक्ततेची इच्छा ना हकनें गंभीरपणें घेतली ना ट्वेननें, असें तिनें म्हटलें. या मुद्द्याला समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलें नाहीं.

उत्तर नव्हे, पण एक प्रत्युत्तर मात्र आलें. २०२४ सालीं पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकानें ‘जेम्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि तिला पुढच्या वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. नदी तीच, तराफा तोच. परंतु हकीकत सांगतो तो जिम. त्याची अडाणी बोली हें गोऱ्यांसमोर पांघरलेलें सोंग आहे. आपल्या माणसांत तो शुद्ध आणि डौलदार इंग्रजी बोलतो, रात्रीं चोरून ग्रंथ वाचतो, आणि पेन्सिलीचा एक तुकडा जिवापाड जपतो. टॉमचा शेतावरचा तो लांबलचक खेळ या पुस्तकांत मुळींच नाहीं.