समुपदेशनाची नोंद : किती लिहावे, किती लिहू नये

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत नैराश्य व चिंताविकार यांसाठी समुपदेशन करणारी माणसे थोडी आहेत आणि अंतरे मोठी आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मोहफुले आणि तेंदूपाने यांच्या हंगामात माणसे पहाटेपासून जंगलात असतात, तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणालाही उसंत नसते. त्यामुळे पहिली भेट जूनमध्ये आणि दुसरी थेट सप्टेंबरमध्ये, तीही वेगळ्याच समुपदेशकाकडे, असे घडू शकते. अशा वेळी दोन भेटींना जोडणारा दुवा एकच उरतो, तो म्हणजे पहिल्या भेटीची लेखी नोंद. प्रस्तुत लेखात आम्ही या नोंदीविषयी विचार करणार आहोत.

नोंद ठेवणे हे अनेकांना कारकुनी काम वाटते. समोरचा माणूस रडत असताना वहीत डोके कसे घालावे, असे विचारले जाते आणि हा प्रश्न रास्तही आहे. परंतु ज्याने जूनमध्ये ‘आता जगावेसे वाटत नाही’ असे सांगितले, त्याला सप्टेंबरमध्ये त्याविषयी कोणी विचारलेच नाही, तर ती केवळ कागदाची उणीव राहत नाही. दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. लहानशा गावात एखाद्याची वही उघडी राहिली आणि त्याच्या घरचे दुःख चावडीवर पोहोचले, तर तो पुन्हा येत नाही आणि त्याला पाहून इतरही येत नाहीत. म्हणून चांगल्या नोंदीची कसोटी दुहेरी आहे. पुढच्या समुपदेशकाच्या हाती धागा लागेल इतके तिच्यात असावे, आणि त्या व्यक्तीने स्वतः ती वाचली तर तिला अपमान वाटू नये, असेच तिच्यात असावे.

गावातील माणसे आणि त्यांच्या नोंदी

असे काम उच्चशिक्षितांनाच जमते, हा समज गडचिरोलीनेच खोटा ठरवला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील थोडे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचे प्रशिक्षण दिले. प्रत्येक गृहभेटीत बाळाला तपासायचे आणि आढळले ते लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. विषय बालकांचा असला, तरी खेड्यातील स्त्री अचूक निरीक्षण करून ते नोंदवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले आहेत. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम आखला. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यांना या कामासाठी प्रशिक्षित केले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या कार्यक्रमात समुपदेशक एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकत, गुण देत आणि चर्चा करीत. अर्थात, नोंद हे तेथे शिकण्याचेही साधन होते. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवण्यात आला. त्या काळात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

नोंदीत काय असावे?

दिनांक, ठिकाण, कितवी भेट आणि पुढील भेटीचा दिवस हे तपशील तर हवेतच. त्यानंतर चार गोष्टी क्रमाने लिहाव्यात : व्यक्तीने काय सांगितले, समुपदेशकाला काय दिसले, त्यावरून काय समजले आणि पुढे काय ठरले. हा चौकोन पाळला म्हणजे ऐकलेले आणि आपण तर्काने काढलेले यांची गल्लत होत नाही.

शक्य तेथे मोजमापही असावे. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची आणि चिंतेसाठी ‘जीएडी-७’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. दोन्हींत मागील दोन आठवड्यांविषयी विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण देतात. पहिलीत कमाल २७ आणि दुसरीत २१ गुण होतात; १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक समजतात. हे गुण म्हणजे निदान नव्हे. मात्र गुण उतरत आहेत की चढत आहेत, हे पाहता येते. ‘पीएचक्यू-९’ मधील नववा प्रश्न मृत्यूच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण कमी असले, तरी या एका उत्तराकडे दुर्लक्ष करू नये. काय विचारले, काय उत्तर मिळाले, सोबत कोण आहे, कोणाकडे पाठवले, हे त्याच दिवशी लिहावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावाच्या शिवारात वाघाने हल्ला केल्यापासून एक शेतकरी वावरात जाऊ शकत नाही, रात्री दचकून उठतो. त्याच्याविषयी ‘माणूस फार घाबरट, घरी कटकटी, समजावून सांगितले’ असे लिहिले, तर पुढच्या समुपदेशकाला काहीच कळत नाही आणि माणसाची मात्र अवहेलना होते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘तिसरी भेट. म्हणतात, वावराकडे निघालो की जीव धकधक करते. झोप तीन-चार तास. जीएडी-७ : पहिल्या भेटीत १६, आज १२. श्वासाचा सराव आठवड्यात चार दिवस केला. जीव देण्याचा विचार आहे का, असे विचारले, नाही म्हणाले. ठरले : वन विभागाच्या सूचना पाळून, दिवसा, भावासोबत बांधापर्यंत जाणे. पुढील भेट सोमवारी.’ शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. या परिसरात वाघाची भीती खरी आहे. ती साफ घालवणे हे समुपदेशनाचे काम नव्हे. जगणे थांबवणारा तिचा अतिरेक कमी करणे हे आहे. नोंदीतून हा फरक दिसला पाहिजे.

भाषेचा प्रश्न

गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलली जाते, सिरोंचाकडे तेलुगू, तर चामोर्शी-मुलचेरा भागात बंगालीही. म्हणून संभाषण कोणत्या भाषेत झाले आणि दुभाषी कोण होता, हे अवश्य लिहावे. सून बोलत असताना सासूच दुभाषी असेल, तर ‘घरी काही त्रास नाही’ या उत्तराचा अर्थ वेगळा होतो. तसेच दुःखासाठी व्यक्तीने वापरलेला शब्द तिच्याच भाषेत जसाच्या तसा टिपावा. ‘जीव लागत नाही’ याला घाईने ‘नैराश्य’ म्हटले, तर मूळ सांगणे हरवते.

गुप्तता आणि तिच्या मर्यादा

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचे २३ वे कलम रुग्णाला गोपनीयतेचा, तर २५ वे कलम स्वतःची मूलभूत वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क देते. गावपातळीवरील प्रत्येक समुपदेशक कायद्यातील व्यावसायिकांच्या व्याख्येत बसेलच असे नाही, तरीही हे मानदंड सर्वांनी पाळण्यासारखे आहेत. मात्र गुप्तता अमर्याद नसते. कोणाच्या जिवाला धोका असल्यास योग्य व्यक्तीला कळवावे लागते. बालकाचे लैंगिक शोषण झाल्याचे समजल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत सांगावे आणि सांगितल्याची नोंद करावी.

आत्महत्येचा प्रयत्न नोंदवला तर पोलीस मागे लागतील, अशी भीती अनेक कुटुंबांना वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ वे कलम उरलेले नाही, हे त्यांना समजावून सांगावे.

आमच्या वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रायश्चित्त संस्कारातील पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते. त्यातील शब्दही कोठे लिहिला जात नाही. समुपदेशन ही वेगळी भेट आहे. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी समुपदेशन करीत असतील, तर दोन्हींची वेळ व जागा वेगळी ठेवावी, म्हणजे कशाची नोंद होते याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहणार नाही.

नोंद कशी जपावी?

वहीवर नावाऐवजी क्रमांक घालावा आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. शेजाऱ्याचे नाव, जुने प्रेमप्रकरण, घरातील तिसऱ्याची बदनामी यांची उपचाराला गरज नसेल, तर ते लिहूच नये. पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून गटात पाठवू नये. चूक झाल्यास खरवडून काढू नये. एक रेघ मारून दिनांक व सही करावी. बोलणे चालू असताना मान वर ठेवावी आणि व्यक्ती गेल्यावर दहा मिनिटे लेखनासाठी राखावीत. शेवटी ‘आज आपण हे ठरवले, असे लिहितो, चालेल ना?’ असे विचारले, तर पुष्कळ गैरसमज टळतात.

समुपदेशक जवळ नसेल, तर शासनाची ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि भेटीला आलेल्या व्यक्तीलाही चिठ्ठीवर लिहून द्यावा, अशी आमची विनंती आहे.