मत्स्यसंवर्धन व उपाहारगृहे

समुद्रातील मत्स्यसाठे टिकून राहावेत या हेतूने उपाहारगृहांनी माशाची जाती, आकार, हंगाम व पकडण्याची रीत पाहून खरेदी करणे, हा मत्स्यसंवर्धनाचा एक उपाय मानला जातो. अमेरिकेतील माँटेरे बे मत्स्यालयाने १९९९ मध्ये ग्राहकांसाठी माशांची अशी वर्गवारी सुरू केली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासाठी महिनावार शिफारस करणारा ‘नो युअर फिश’ हा उपक्रम २०१७ मध्ये निघाला.

महाराष्ट्रात हा प्रश्न पापलेटच्या बाबतीत विशेष तीव्र आहे. उपाहारगृहांत ताटात मावेल असा अखंड तळलेला पापलेट पसंत केला जातो. थाळीच्या दरात बसावा म्हणून तर त्याहूनही लहान मासा घेतात. असा मासा पुष्कळदा एकदाही अंडी न घालता पकडला गेलेला असतो. वजन थोडे मिळते आणि पुढील पिढी मात्र बुडते. २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला ‘राज्यमासा’ घोषित केले. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ जातींचे पकडण्यायोग्य किमान आकार ठरविण्यात आले : पापलेट १३५ मिमी., बोंबील १८० मिमी. इत्यादी. तथापि बंदरावर उतरणारी प्रत्येक टोपली मोजणे अवघड असते. लहान पापलेटला गिऱ्हाईकच न मिळणे हा अधिक परिणामकारक उपाय होय.

लहान दिसणारा प्रत्येक मासा अपक्व असतो असे मात्र नाही. मांदेली पूर्ण वाढल्यावरही जेमतेम वीतभर असते. तारली व बांगडा लवकर प्रजननक्षम होतात, म्हणून त्यांचा साठा तुलनेने लवकर भरून येतो. याउलट मुशी उशिरा वयात येते व तिला पिलेही थोडीच होतात. तिचे कालवण लोकप्रिय असले, तरी ते क्वचितच असावे हे बरे.

पावसाळ्यात, सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बारमाही छापील दरपत्रकावर मात्र पापलेट आणि सुरमई कायम असतात. त्याऐवजी त्या दिवशीची मासळी फळ्यावर लिहिण्याची जुनी खानावळींची पद्धत अधिक योग्य ठरते.

लातूर-नांदेड भागातील किल्लारीसारख्या गावी सागरी मासळी बर्फातून किंवा सुकवूनच येते. कापलेल्या तुकड्यावरून तिचा मूळ आकार कळत नाही. तेथील खानावळींना तलावांतील रोहू, कटला व मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे अधिक ताजे मिळू शकतात व सागरी साठ्यांवर त्यांचा भार पडत नाही.