दोन जिवांचा घोट

गरोदर बाईला आपल्याकडे ‘दोन जिवांची’ म्हणतात. दारूच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. आईच्या रक्तात उतरलेलं अल्कोहोल वार अडवत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण आईच्या बरोबरीला येतं. आईचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं, बाळाच्या यकृताला अजून ती ताकद नसते. शिवाय अल्कोहोल गर्भजलात रेंगाळतं आणि बाळ तेच पाणी गिळत असतं. घोट आईने घ्यायचा आणि त्याची झळ बाळाच्या कोवळ्या पेशींना लागायची, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच ‘थोडीशी चालते’ हे वाक्य नीट तपासून घ्यायला हवं.

१९६८ साली फ्रान्समधल्या नान्त इथल्या पॉल लमुआन या बालरोगतज्ज्ञाने दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणं मांडली, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दारू पिणाऱ्या आयांच्या आठ मुलांचं वर्णन केलं. मुलं तीन वेगवेगळ्या वंशांची, एकमेकांच्या नात्यातली नव्हेत. तरी खुरटलेली वाढ सारखी आणि चेहराही सारखा: डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव तेव्हापासून मिळालं. मात्र चेहरा घडतो तो सुरुवातीच्या काही आठवड्यांत, आणि मेंदू पूर्ण नऊ महिने घडत राहतो. त्यामुळे इजा झालेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. ती दिसते वागण्यात: काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही. ‘दप्तर ठेव, हात धू, जेवायला ये’ यातली पहिलीच सूचना लक्षात राहते. चुकीबद्दल शिक्षा होऊनही तीच चूक पुन्हा होते. अशा मुलाला शाळा आणि घर दोघंही हट्टी ठरवतात. ही इजा आयुष्यभराची असते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की अमुक बाईने घेतली होती आणि तिचं मूल तर ठणठणीत आहे. ते खरंही असेल. इजा किती होईल हे दारूचं प्रमाण, ती कोणत्या आठवड्यात घेतली, आईचं पोषण आणि आनुवंशिकता या सगळ्यांवर ठरतं. एकाच गर्भाशयात वाढलेल्या असमान जुळ्यांनाही कमीजास्त इजा झालेली संशोधकांनी पाहिली आहे. एका मुलाचं निभावलं म्हणून दुसऱ्याचं निभावेलच, असं म्हणता येत नाही ते यामुळेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अगदी कमी प्रमाणात घेतल्याने नुकसान होतं, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. बरोबर. पण गरोदर बायकांना मोजून दारू पाजून कुणी प्रयोग करणार नाही, त्यामुळे सुरक्षित मर्यादाही कुणाला आखता आलेली नाही. आठवड्यातून एकदोनदा थोडी घेण्याला ब्रिटनच्या सरकारी सल्ल्यात पूर्वी सूट होती. २०१६ मध्ये, कमी प्रमाणातला धोका बहुधा कमीच असेल हे मान्य करूनही, ती सूट काढून ‘अजिबात नको’ हाच सल्ला दिला गेला. डोहाळे जरूर पुरवावेत, पण इथे न घेतल्याने आईचं काही बिघडत नाही आणि घेतल्याने बाळाचं बिघडू शकतं.

अशा लेखनाने बायका घाबरतात, दोष त्यांच्याच माथी येतो, असंही म्हटलं जातं. ही काळजी रास्त आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतली गेली असेल, तर खचून न जाता थांबावं आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. मेंदू शेवटपर्यंत वाढत असल्याने कुठल्याही महिन्यात थांबण्याचा फायदा होतो. व्यसन जडलं असेल तर उपदेश नको, उपचार हवेत. दोष न देताही मार्ग काढता येतो. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग या आदिवासी वस्तीच्या भागात, एका तपासणीत, सुमारे आठातल्या एका मुलात फीटल अल्कोहोल सिंड्रोम पूर्ण किंवा अंशतः आढळला. तिथल्या बायकांनी या तपासणीआधीच, २००७ मध्ये, एकमेकींकडे बोट न दाखवता बाहेर नेण्याच्या कडक दारूच्या विक्रीवर निर्बंध मागितले आणि मिळवले. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदरपणाचा इशारा छापला जातो. आपल्याकडे २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या इशाऱ्यात दारू आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढंच आहे. पोटातल्या बाळाचा उल्लेख नाही. ती एक ओळ बाटलीवर यायला हवी. आणि ती येईपर्यंत नवरा, सासर-माहेर, मित्रमंडळी यांनी दोन जिवांच्या बाईपुढे पेला धरूच नये, म्हणजे नाही म्हणण्याचा भार तिच्या एकटीवर पडणार नाही.