रस्त्यावरची मोटारसायकल शर्यतीच्या मार्गावर नेताना

मोटारसायकल आज खेडोपाडी पोहोचली आहे. दूधवाला, शिक्षक, विमा प्रतिनिधी, शेतकरी यांचे ती रोजच्या उपयोगाचे साधन बनली आहे. परंतु ज्या तरुणाच्या हाती थोडी दमदार गाडी येते, त्याच्या मनात केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतोच: ही गाडी खरोखर किती पळते? या प्रश्नाचे उत्तर तो बहुधा रात्रीच्या महामार्गावर किंवा घाटातील वळणावर शोधतो, आणि त्याची किंमत कित्येकदा घरच्यांना मोजावी लागते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हे सर्वच मृत्यू वेगाच्या हौसेपायी झाले असे नव्हे. तथापि ती हौस भागविण्याची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे, हे सांगण्यास एवढा आकडा पुरेसा आहे.

त्या हौसेला योग्य जागा आहे. शर्यतीसाठी बांधलेले मार्ग काही ठराविक दिवशी सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांना शुल्क घेऊन खुले केले जातात. यालाच ट्रॅक डे असे नाव पडले आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील मार्ग सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा असून तो १९९० साली सुरू झाला. त्यापूर्वी मद्रासच्या शर्यती शोळावरम येथील जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होत असत. कोइमतूरचा कारी मार्ग सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग ५.१२५ किलोमीटरचा, १६ वळणांचा आहे. हैदराबाद, बेळगाव, गोवा येथील स्वारास पहिले दोन मार्ग सोयीचे, तर ग्वाल्हेरच्या स्वारास तिसरा जवळचा. इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग मुख्यतः वाहनांच्या चाचणीसाठी आहे. हौशी स्वाराने त्याची गल्लत करू नये.

अशा दिवशी शर्यत नसते. कोणी पहिला येत नाही की शेवटचा. स्वारांचे त्यांच्या अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटास साधारणतः पंधरा ते वीस मिनिटांची पाळी मिळते. समोरून येणारे वाहन नाही, आडवे जाणारे जनावर नाही, खड्डा नाही. वळणाच्या बाहेर मोकळी जागा आणि रुग्णवाहिका सज्ज. मात्र यावरून येथे धोका नाही असा ग्रह करून घेणे घातक ठरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या याच मार्गावर स्पर्धेत भाग घेणारा अवघ्या तेरा वर्षांचा एक मुलगा पडून मृत्यू पावला. मार्ग धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. उरलेला धोका कमी करण्याचे काम तयारीचे आहे.

ही तयारी गाडीपासून सुरू होते. टायरची नक्षी पुरेशी खोल हवी आणि रबर जुने नसावे. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे त्याचे वय सांगतात: २३२४ असे असल्यास तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला, असा त्याचा अर्थ. मार्गावर टायर तापतो आणि आतील हवेचा दाब वाढतो. म्हणून आरंभीचा दाब किती ठेवावा, हे टायर बनविणाऱ्याच्या सूचनेवरून किंवा तेथील जाणत्या मेकॅनिककडून समजून घ्यावे. साखळी पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ताणलेली असावी आणि तेल कोठूनही गळता कामा नये. गळलेले थेंबभर तेल मागून येणाऱ्यास पाडू शकते.

ब्रेकविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविताना, ६० किलोमीटरच्या मानाने चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकला पचवावी लागते, आणि तीही प्रत्येक फेरीत पुनःपुन्हा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. परिणामी ब्रेकचा दांडा हँडलपर्यंत येतो, पण गाडी थांबत नाही. एक बाटली नवे तेल भरणे हा या संकटावरील अगदी स्वस्त उपाय होय.

आरसे काढून ठेवतात किंवा झाकतात; कारण मागे पाहणे हे येथे पुढच्या स्वाराचे काम नसून, सुरक्षित अंतराने पुढे जाणे ही मागच्याची जबाबदारी असते. दिव्यांवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे गाडी पडली तरी काचा विखुरत नाहीत. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील शीतक द्रव काढून साधे पाणी भरावे, असा पुष्कळ ठिकाणी नियम असतो. तो द्रव सांडल्यास मार्ग विलक्षण निसरडा होतो.

स्वाराचा पोशाखही तितकाच महत्त्वाचा. संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण, जाड चामड्याचा एकसंध किंवा कमरेशी चेनने जोडलेला पोशाख, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि पाठीचे कवच एवढे हवेच. ही सामग्री काही ठिकाणी भाड्याने मिळते. महागडा एक्झॉस्ट घेण्यापूर्वी चांगले हातमोजे घ्यावेत, यात खरे शहाणपण.

मार्गावर भाषा चालते ती निशाणांची. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका. वेग कमी करावा, कोणास ओलांडू नये. लाल म्हणजे पाळी थांबली. सावकाश माघारी यावे. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे म्हणजे मार्ग निसरडा. काळे निशाण दाखविलेल्या स्वाराने बाहेर यावे. सकाळच्या माहितीच्या बैठकीत हे सर्व सांगितले जाते. ती बैठक कंटाळवाणी म्हणून टाळणारा स्वार स्वतःबरोबर दुसऱ्यालाही संकटात घालतो.

आता प्रत्यक्ष चालविण्याकडे वळू. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी ठराविक असते. सगळा पगार ब्रेकवर खर्च केला, तर वळणासाठी दमडीही उरत नाही. म्हणून नवशिक्याने वेग सरळ मार्गावरच कमी करावा, वळणात शांतपणे शिरावे आणि बाहेर पडताना हळूहळू गती वाढवावी. वळण किती फसवे असते, हे हिशेबाने ध्यानी येते. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित भाराला सुमारे ३० अंश कलावे लागते. वेग ८० झाला की हा कल ४५ अंशांवर जातो. वेग एकतृतीयांशाने वाढला, पण कल दीडपट झाला. पुष्कळ साध्या गाड्यांच्या पायखुंट्या त्यापूर्वीच जमिनीला घासू लागतात. नजर समोरच्या चाकावर न ठेवता वळण जेथे संपते तेथे ठेवावी. नजर जिकडे, गाडी तिकडे.

थकवा हा या दिवसाचा गुप्त शत्रू. चामड्याच्या पोशाखात घाम बेसुमार जातो, आणि दुपारनंतर हात जड होऊन निर्णय उशिरा होऊ लागतात. पाणी पीत राहावे, आणि मन विचलित होताच शेवटची पाळी निःसंकोच सोडावी. आणखी एक गोष्ट: वाहनाच्या नेहमीच्या विम्यातून शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. पॉलिसीतील अटी घरीच वाचाव्यात, आणि शक्य तर गाडी टेम्पोतून न्यावी-आणावी. तिच्यावरूनच परतायचे असल्यास टायर, ब्रेक आणि आरसे नीट तपासून, विश्रांती घेऊन निघावे. दिवसभराच्या वेगानंतर ताशी ८० किलोमीटरही संथ भासतात.

या एका दिवसाने कोणी शर्यतपटू होत नाही. पण ब्रेक खरोखर किती अंतरात लागतो, गाडी किती कलते आणि आपले धैर्य कोठे संपते, हे स्वारास प्रथमच नीट कळते. हे ज्ञान घेऊन जो चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात परत येतो, तो बहुधा पूर्वीपेक्षा सावकाश गाडी चालवितो. कारण मार्गावर ज्या मोकळ्या जागेने त्याची चूक पोटात घातली, ती जागा घाटात नाही, हे त्याला आता पक्के ठाऊक झालेले असते.